आईपेक्षा जुनी मालिका

घाबरटपणाचा फायदा झाल्याची माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट आहे, म्हणून सगळ्यांना सांगत सुटते. सात रस्ता चौकात आमचं दोन माणसांचं ऑफिस आहे. जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आणायच्या आणि इथे दाखवायच्या, हे आमचं काम. या वेळी सरांनी पन्नास वर्षांपूर्वीची, आईला शोधत निघालेल्या लेकराची मालिका आणली आणि बजावलं, "रविवारच्या खेळाला हॉल भरला न्हाय, तर जुन्या मालिका बंद आणि तुझं कामही बंद. आणि जुनी हाय हे कुटं बोलायचं न्हाय."

मी पोस्टरवर 'नवीकोरी' लिहून टाकलं. लगेच एका मुलीची कमेंट आली, "काय फेकताय? ही तर माझ्या आईपेक्षा जुनी हाय की!"

मी चिडून कंपनीच्या खात्यावर लिहिलं, "मग आईलाच घेऊन ये." ते पुसणार, तोच मागून सर म्हणाले, "झालं का?" मी अशी दचकले की बटण दाबलं गेलं आणि उत्तर गेलंच!

सरांनी कपाळावर हात मारला. पुसेपर्यंत ते उत्तर त्या मुलीच्या कॉलेजभर फिरलं होतं.

रविवारी पोरी खरंच आयांना घेऊन आल्या. खुर्च्या कमी पडल्या. मध्यंतरात एक पोरगी म्हणाली, "आई, चल की आता."

"गप बस. त्या लेकराची आई सापडल्याबिगर मी उठत न्हाय."

मी दाराशी सरांना भीतभीत विचारलं, "सर, माझं काम?"

"लई काम हाय," सर म्हणाले. "याच्याहून जुनं काय मिळतंय का बघ."