झोप वाचवणारा व्हिडिओ

हे बाहेर सांगायचं नाही, असं पप्पांनी बजावलंय. म्हणून तुम्हीही कुणाला सांगू नका.

पालकसभेत मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी पहिल्या तासाला डुलक्या घेते. असंच चाललं तर स्कॉलरशिपच्या बॅचमधून नाव काढावं लागेल."

शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतून खास सुट्टी काढून आलेले पप्पा ताडकन उठले. "शक्यच नाय, मॅडम! नऊ वाजले की तिचा मोबाईल मी स्वतः ज्वारीच्या कोठीत पुरतो."

सगळे पालक कौतुकानं पप्पांकडं आणि संशयानं माझ्याकडं बघायला लागले.

"मग झोप का होत नाही गं?" मॅडमनी मला विचारलं.

चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण आता नावच जाणार होतं. "मॅडम, काल रात्री एक वाजता पालकांच्या ग्रुपवर 'मुलांची झोप वाचवा' असा व्हिडिओ आला ना?"

"हो, तुझ्याच पप्पांनी टाकला. फार उपयुक्त होता."

"तो त्यांनी आधी मला उठवून दाखवला. रोज एक तरी दाखवतात."

नाव राहिलं. पप्पांनी तर तिथंच सगळ्यांसमोर शब्द दिला, की आजपासून नऊनंतर स्वतःचा मोबाईलसुद्धा ते…

"अगं, कुठं गेलीस? रात्रीचे बारा वाजायला आले, लवकर ये, हे बघ काय आलंय!"

आले, पप्पा.