एकच तिकीट

कोल्हापूर स्टँडवर मुंबईच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं एक तरुण जोडपं उभं होतं.

“अवो, वॉटर पार्कला माझं तिकीट काढू नकासा. तुम्ही खेळा, मी बाहेर बसीन.”

“रुचिता, मंगळवारी जोडीला सवलत हाय म्हणून रजा टाकली. डबाबी घरचा घेतलाय. आनि किती वाचवायचं?”

“पैशासाठी न्हाय वो.”

“मग? लग्नापासनं तूच मागं लागलीस की!”

“आता दोन जिवांची हाय मी.”

“काय? कवा कळलं?”

“काल डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मागच्या खेपंला दोन महिन्यांतच पडलं, म्हणून बोलायला भ्या वाटलं.”

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली.

“चल.”

“कुठं? गाडी लागली की!”

“घरला. हुपरीची गाडी पलीकडं लागती. हळू चाल.”