ज्या पायरीवर दिवा लागला नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे भट्टीवाले भाऊ, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेले सगळे,

मानपत्र आत्ताच वाचून झालं. छान आहे. फक्त ते भाऊंच्या हाती पडण्याआधी त्यातली एक ओळ खोडायची आहे, म्हणून हे गुडघे इथवर ओढत आणले. ‘दवाखान्याच्या जिन्याचं अपयश सोडल्यास निष्कलंक सेवा.’ ते अपयश भाऊंचं नाही, माझं आहे.

पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या सिरॅमिकच्या चकत्या दिसायला फुटक्या बशीसारख्या. भाऊ त्या भट्टीत भाजतात, मग गरम तेलात बुडवून जबरदस्त वीज देतात. तेव्हा कुठे त्यांच्या अंगी गुण येतो. दाबलं की चिमूटभर वीज देतात. पायरीखाली बसवल्या, की पाय पडताच छोटासा दिवा लागतो.

तेल पुसून चकत्या वाऱ्यावर वाळवायचं काम तेव्हा माझं. दवाखान्याच्या जिन्याच्या चकत्या निघायच्या त्या दिवशी हवा दमट, न्यायला आलेली गाडी दाराशी. भट्टी अजून तापलेली होती. म्हटलं, ठेवावा ट्रे घटकाभर आत. घरी धुतलेला तवा नाही का आपण गॅसवर वाळवत? तव्याचं काही बिघडत नाही हो. चकती मात्र फार तापली की दिलेला गुण टाकून देते. हे मला महिन्याभराने कळलं, भाऊ नव्या मुलींना शिकवत होते तेव्हा.

जिन्याच्या उद्घाटनाला मोठे साहेब पायरीवर उभे राहिले, मग उड्या मारल्या. दिवा लागला नाही. भाऊ म्हणाले, भाजण्यात माझंच काही राहिलं असेल. झालं, भाऊंची विभागप्रमुखाची खुर्ची गेली.

मी गप्प का? आधी नोकरीच्या भीतीने, मग सवयीने. वहिनी भेटतील तेव्हा माझ्या नातवंडांची चौकशी करायच्या, आणि मी घरी जाऊन आडवी पडायची. गप्प बसून माणूस इतकं दमतं?

मघाशी दाराशी भाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आजी, गाडी गेल्यावर तुमच्या ट्रेमधली एक चकती मलाच सापडली होती भट्टीत.”

“मग नऊ वर्षं बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो.”

अध्यक्ष महोदय, ती ओळ तेवढी खोडा. मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. उशीर मात्र पोटात घालू नये.