पाणी वाटणारी बाई

सपना: काका, नाहूरच्या सुगंधा शिरसाटांचं हे पत्र तीन वर्षांपूर्वीचं आहे. दोनशे अकरा नंबरच्या फोटोच्या पाकिटात काय करतंय?

जयवंत: मीच ठेवलं. उत्तर द्यायचं राहिलं.

सपना: राहिलं? आपलं संग्रहालय मुलुंडला, नाहूर पुढचं स्टेशन! चालत गेला असतात तरी पोचला असतात.

जयवंत: वाचलंस?

सपना: वाचलं ना. ‘तुमच्या प्रदर्शनात घाटकोपरच्या साक्षरता वर्गाचा फोटो पाहिला. माझी आई साठ साली गेली. त्याखालच्या माहितीच्या कार्डावर ती बासष्ट साली पाणी वाटते आहे. ती त्या वर्गाची शिक्षिका होती.’ वाट लागली, काका. संध्याकाळी सगळी कार्डं वेबसाइटवर जाणार.

जयवंत: म्हणूनच आलो. दोनशे अकरा थांबव.

सपना: बासष्ट कुठून काढलं तुम्ही?

जयवंत: मागे स्टुडिओचा बासष्टचा शिक्का आहे. ती तारीख या प्रतीची निघाली. मूळ फोटो आधीचा. भिंतीवरचा नकाशा बघ, गुजरात आणि महाराष्ट्र एकाच राज्यात.

सपना: म्हणजे छप्पन ते साठ. झकास!

जयवंत: घाई नको. जुना नकाशा वर्षानुवर्षं लटकत राहतो. त्यावरून फक्त ‘छप्पननंतर’ एवढंच म्हणता येतं. साठच्या पुढे नाही, हे या पत्रामुळे कळलं.

सपना: आणि त्यांची आई शिक्षिका होती, याला पुरावा? त्या मुलगी आहेत, म्हणणारच.

जयवंत: भिंग घे. डाव्या हातात तांब्या. उजव्या हाताची बोटं बघ.

सपना: पांढरी... खडू?

जयवंत: पदरालाही लागलाय.

सपना: हे कधी दिसलं तुम्हाला?

जयवंत: पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सपना: आणि तीन वर्षं गप्प? काका, कमाल करता!

जयवंत: आपल्याकडे स्वतःचा अंदाज चौकटी कंसात लिहायचा असतो. नव्या मुलांना मीच शिकवतो. ‘पाणी वाटणारी बाई’ मी कंसाशिवाय लिहिलं. जणू कुणी मला सांगितलंच होतं.

सपना: होतं असं कधीकधी.

जयवंत: असं नाही होत, सपना. फोटोतला पुरुष खुर्चीत होता, त्याला शिक्षक केलं. बाई अनवाणी, कडेला उभी. मला तेवढं पुरलं. त्यांच्या लेकीला काय तोंडानं लिहिणार होतो?

सपना: बरं, आता मी मजकूर बदलते. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही.

जयवंत: कळू दे. जुनी ओळ खोडून तशीच ठेव. खाली लिही, चुकीची नोंद जयवंत तावडे यांची, दुरुस्ती सुगंधा शिरसाट यांच्या पत्रावरून.

सपना: अहो, बारा वर्षं फुकट काम करताय इथे. जगाला दिसेल ते नाव.

जयवंत: बरोबर असतं तेव्हा खाली माझंच नाव असतं ना? लिही. आणि आईंचं नाव आधी, पत्रात आहे तसं. तानूबाई, शिक्षिका.

सपना: कंसात?

जयवंत: नाही. हा अंदाज नाही.

सपना: लिहिलं. आता त्यांना फोन लावू?

जयवंत: फोनवर मी नुसता खाकरत बसेन. उत्तर लिहून आणलंय. वाच.

सपना: ‘आपल्या आई शिक्षिका होत्या. चूक माझी होती, आणि तीन वर्षं गप्प राहिलो हीसुद्धा. कार्ड आज दुरुस्त केलं.’ एवढंच?

जयवंत: आधी नऊ मसुदे झाले. सगळे मोठे होते. त्यांत मी माझ्याबद्दलच लिहीत होतो.

सपना: चला, मी येते टपालपेटीपर्यंत. नाहीतर हे पण फोटोच्या पाकिटात घालून ठेवाल.

(टपालपेटीपाशी.)

सपना: टाका ना.

जयवंत: पत्ता नीट आहे ना?

सपना: तिसऱ्यांदा बघताय, काका.

जयवंत: ...टाकलं.

सपना: आणि त्यांनी उत्तर नाही दिलं तर?

जयवंत: त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली. आता मी पाहीन.