चुंबकाचा आंबा

सोनाराच्या दुकानात परत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, ते आमच्या सासूबाईंमुळे. खोकल्यापायी डॉक्टरांनी त्यांची कोळशाची शेगडी बंद करवली, म्हणून आम्ही इंडक्शन आणलं. त्यावर त्यांचं पितळेचं पातेलं काही तापेना. मी म्हटलं, "आई, ज्याला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं यावर चालतं."

झालं. फ्रिजवरचा चुंबकाचा आंबा त्यांनी पर्समध्ये टाकला आणि सुलतान बाजारात दिसेल त्या भांड्याला लावत सुटल्या. चिकटला की अशा खूश, जशी लॉटरीच लागली.

येताना नणंदेच्या लग्नासाठी चेन बघायला सोनाराकडे शिरलो. त्याने चेन हातात दिली. सासूबाईंनी सवयीने आंबा काढला आणि चेनीला लावला. तो चटकन चिकटला.

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. सोनाराला घाम फुटला. "अम्मा, हुक में लोहे की स्प्रिंग है. सोना असलीच है, अम्मा."

सासूबाईंनी त्यालाच धीर दिला, "घबराओ नक्को भैया, अच्छीच है. इंडक्शन पे चलती."