सुलभामावशींचा बॅज

अरे, आमच्या सुलभामावशींचं ऐक. मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात मी एक्स-रे काढतो आणि मावशी चुळबुळ्या पोरांना धरून ठेवतात. अंगाला किती रेडिएशन लागलं ते कळावं म्हणून त्यांनाही बॅज दिलेला. बॅजच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तर मावशींचा डोस भयंकर! माझी तर वाट लागली. त्यांना लगेच बाहेर बसवलं, रक्त तपासलं. रक्त एकदम झकास!

सेफ्टी ऑफिसरने नवा बॅज त्यांच्या हातात देत विचारलं, “मावशी, बॅज कुठे लावता?”

“मशीनसमोर, खिळ्याला.”

“का?”

“सगळं रेडिएशन तोच ओढून घेतो ना!”

“अहो, तो फक्त मोजतो. अडवत नाही.”

मावशींनी हातातला नवा बॅज त्यालाच परत दिला. “मग असल्या नुसत्या बघ्याला मी छातीवर कशाला मिरवू?”