आबांचे ग्लोव्हज

तुम्ही मला घाबरट म्हणता ना, मग ऐका. परवा सकाळी उठले तर आबांचे बॉक्सिंगचे ग्लोव्हज खिळ्यावर नव्हते. आबा म्हणजे माझे आजोबा. फौजेत त्यांचा ठोसा बसला की समोरचा उठायचा नाही म्हणे. पण आमच्या गावाला ठाऊक फक्त कुस्ती. जत्रेत फेटे पैलवानांना, आबांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

गुरांच्या मागच्या बाजारात घोडेगावला सदा दलाल सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बॉक्सिंग व्हय? हवेत हात हलवायला काय जोर लागतो, पैलवान?" आणि परवा पुन्हा बाजार होता.

आईला म्हटलं, "आबा मारामारीला गेलेत."

"गप गं! म्हैस बघायला गेलेत."

"ग्लोव्हज घेऊन?"

आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

त्यात आबांची हृदयाची गोळीही तशीच पडलेली. फोन लावला तर नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कुणाचं तरी डोकं फुटलंय, नाहीतर आबाच आडवे झालेत, असं वाटून मी तिसऱ्यांदा लावला. शेवटी कुणीतरी उचलला. आवाज आबांचा नव्हता.

"ताई, मी सदा दलाल. तुमच्या पैलवानाला आवरा बरं! माझं भुशाचं पोतं झाडाला टांगून फोडलं त्यांनी, आन आता म्हनत्यात, पोत्याच्या जागी तू उभा ऱ्हा!"

मागून आबा ओरडले, "पैलवान न्हाई, बॉक्सर म्हन!"